मापाच्या दिवशी गोळी नाही

सुवर्णा गवई बीपी मोजायला बसली की खोलीत कुणी ब्र काढायचा नाही, असा हिंगणवाडीच्या उपकेंद्राचा कायदा होता. पेशंटने पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. पायावर पाय नाही, तोंडात तंबाखू नाही आणि सुनेची तक्रार तर मुळीच नाही. तक्रार करायचीच असेल तर दंडाचा पट्टा सुटल्यावर. सुनेचा विषय निघाला की वरचा आकडा वीसने चढतो, हे सुवर्णाने सतरा वर्षांच्या नोकरीत पडताळून पाहिलेलं होतं. थंडीत कुणी स्वेटरवरूनच पट्टा बांधा म्हणालं तर ती सरळ सांगायची, "मंग मी स्वेटरचं बीपी सांगते, तुमचं नाही."

जानेफळच्या पलीकडे, मुख्य रस्ता सोडून चार किलोमीटर आत हे गाव. सोयाबीन, तूर, हरभरा, थोडा कापूस आणि भरपूर राजकारण. सुवर्णा इथे बदलून आली तेव्हा लोक लसीला यायचे, बाळंतपणाला बोलवायचे, विंचू चावला की दार ठोठावायचे. पण बीपीच्या गोळीचं नाव काढलं की हसायचे. "बीपी काय दुखते का बाई?" हा त्यांचा सवाल. ताप आला तर अंग तापतं, दात दुखला तर गाल सुजतो. हे बीपी मात्र दुखत नाही, खुपत नाही. त्याच्यासाठी रोज गोळी खायची म्हणजे न चावलेल्या विंचवाचा उतारा घेत बसण्यासारखं, असं पानटपरीवाल्या मोतीरामचं मत होतं आणि मोतीरामचं मत गावात कात-चुन्याबरोबर फुकट मिळायचं.

सुवर्णाला मात्र हा आजार घरातून ओळखीचा होता. तिचे वडील शंकरराव सालदार होते, दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबायचे. एका शिबिरात कुणीतरी त्यांचं बीपी मोजलं, गोळ्या दिल्या, त्यांनी महिनाभर खाल्ल्या आणि सोडून दिल्या. वर्षभराने निंदणाच्या दिवसांत सकाळी तांब्या उचलायला गेले तर हात उचलेना. डावी बाजू गेली ती गेलीच. सुवर्णा तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. चार वर्षं शंकरराव बाजेवर होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, पेज भरवताना ठसका लागू नये म्हणून मान किती उचलायची, हे सगळं तिला पुस्तकाच्या आधी त्या बाजेने शिकवलं. म्हणून बीपीशी तिचं वैर सरकारी नव्हतं.

आणि या वैरात तिला मदतीला आले ते शेषराव. शेषराव छत्तीस वर्षं डोणगावच्या बाजारात मापारी होते. शेतकऱ्यांचा माल तोलायचं काम. काट्यावर मन फिरलं तर माणूस दोन पिढ्यांचं कमावतो म्हणतात. शेषरावांनी छत्तीस वर्षांत कमावली ती एक सायकल आणि एक गोष्ट, की त्यांनी तोललेलं पोतं कुणी पुन्हा तोलून पाहत नसे. गावात भावाभावांची वाटणी असो की लग्नातले रुसवेफुगवे, "मापारीकाकाले इचारा" म्हणत लोक त्यांच्या ओसरीवर यायचे. सुवर्णा नवीन असताना काही घरांतून तिला चहा यायचा तो बाजूला ठेवलेल्या कपातून. शेषरावांच्या घरी त्यांच्या बायकोने, शालूबाईने, पहिल्याच दिवशी घरच्या कपात चहा दिला, तोही शेषरावांच्या कपाशी अदलाबदल होईल इतका जवळ ठेवून. तेव्हापासून ती त्यांना काका-काकू म्हणे आणि मनापासून म्हणे.

आषाढात एका शुक्रवारी, म्हणजे उपकेंद्रात बीपी तपासायच्या दिवशी, शेषराव डोकं जड झालं म्हणून आले. वरचा आकडा एकशे शहात्तर, खालचा एकशे दोन. दुसऱ्यांदा मोजलं, तेच. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर अनुपमा यांनी ॲमलोडिपिन सुरू केली. शेषरावांनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "किती दिवस?"

"रोज. कायम," सुवर्णा म्हणाली.

"बरं," शेषराव म्हणाले, आणि तेवढ्यावर विषय संपला.

मापारीकाका गोळी खातात म्हटल्यावर गावाचा विरोध ढिला पडला. मोतीरामही आला, त्याचं बीपी तर एकशे नव्वद निघालं. केसरबाई आली, जी आजवर डॉक्टरचं तोंड न पाहण्याची शेखी मिरवायची. दिवाळीपर्यंत अठ्ठावीस जण दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रांगेने बसू लागले. सुवर्णाला वाटलं, जिंकलं.

पण आकडे काही हलेनात. विशेषतः शेषरावांचे. दर महिन्याला एकशे सत्तरच्या वरच. ती विचारायची, "काका, गोळी चालू हाये ना?" ते म्हणायचे, "चालू हाये." ती मीठ विचारायची, शालूबाई शपथेवर सांगायची की पापड-लोणचं घरात फक्त पाहुण्यांना वाढतो. मग डॉक्टरांनी नियमाप्रमाणे आधी गोळीचा डोस वाढवला, मग जोडीला टेल्मिसार्टन दिली, मग तिसरी, लघवी जास्त करवणारी. शेषरावांनी प्रत्येक वेळी "बरं" म्हटलं. आरोग्य केंद्राच्या महिन्याच्या बैठकीत सुवर्णाच्या उपकेंद्राचं नाव तळाला निघायचं. "तुमचे पेशंट गोळ्या खातच नाहीत, सिस्टर. तुमच्यापुढे हो म्हणतात आणि घरी फेकून देतात," असं एकाने सगळ्यांसमोर ऐकवलं. सुवर्णा घरी येऊन भाकरी थापताना तवा आपटत होती. नवरा प्रसेनजित शहाणा माणूस. त्याने त्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे, हे सांगितलं नाही.

मग मार्गशीर्षात शेषराव पडले. सकाळी हौदाशी उकिडवे बसून तोंड धुतलं, उठले, आणि उठता उठता डोळ्यांपुढे अंधार येऊन कोसळले. हौदाचा काठ कपाळाला लागला. चार टाके पडले. एवढ्यावर निभावलं, पण गावाने निकाल दिला: सिस्टरच्या गोळ्यांनी काका पडले. मोतीरामने सगळ्यांदेखत आपली पट्टी नालीत टाकली. पुढच्या शुक्रवारी सुवर्णा मशीन, वही, गोळ्यांचे डबे मांडून दुपारपर्यंत बसली आणि एकही माणूस आला नाही.

तिला राग आला नाही, भीती वाटली. या अठ्ठावीस जणांत दोघा-तिघांचे आकडे असे होते की गोळी अशीच बंद राहिली तर कुणाच्या तरी अंगणात बाज पडणार. शंकररावांची बाज तिने एकटीने ओढली होती. दुसरी तिला पाहायची नव्हती.

मंगळवारी ती न सांगता शेषरावांच्या घरी गेली. ते ओसरीवर कपाळाला पट्टी बांधून तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. शालूबाईचं तोंड उतरलेलं. "मी तर म्हनते बंद करा त्या गोळ्या," शालूबाई म्हणाली, "पण हे आयकत नाहीत. रोज तिन्ही खाऊन राह्यले. अन् उठले का भिंत धरून राह्यले."

"आज खाल्ल्या?" सुवर्णाने विचारलं.

"सकाळीच खाल्ल्या," शेषराव म्हणाले.

तिने बसवून पाच मिनिटांनी बीपी मोजलं. शंभरावर बासष्ट. मशीन बिघडलं असं समजून दुसऱ्या हाताला मोजलं. एकशे दोन. मग त्यांना उभं केलं, मिनिटभराने पुन्हा मोजलं, तर वरचा आकडा ब्याऐंशी. तिने शेषरावांना तिथेच आडवं केलं, पायाखाली तुरीचं पोतं सरकवलं आणि स्वतः पायरीवर बसली. शुक्रवारी एकशे शहात्तर दिसणारा माणूस मंगळवारी ब्याऐंशीवर कसा?

"काकू, काकाच्या गोळ्या आना बरं सगळ्या."

शालूबाईने गोळ्या आणल्या आणि त्यांच्याबरोबर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबाही आणला. "ह्या उरलेल्या. वापस द्याच्या हायेत म्हणे सरकारले."

डब्यात पट्ट्यांचे कापलेले तुकडे होते. सुवर्णाने ते ओसरीवर मांडले. दर महिन्याच्या चार दिवसांच्या गोळ्या. पाचही महिने चारच; ना एक जास्त, ना एक कमी. विसरणारा माणूस इतका शिस्तीने विसरत नाही.

"काका, हे चार दिवस कोनते?"

"मापाच्या अगोदरचे," शेषराव आडवे पडल्या पडल्या म्हणाले. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "सोमवारपासून बंद ठेवतो. शुक्रवारी मोजलं का मंग घेतो."

"काऊन?"

शेषरावांना तिच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "अहो, तोलाच्या आधी काटा रिकामा करावा लागते का नाही? त्याच्यावर कालचं काही राह्यलं तर माप खोटं येते. गोळी खाऊन तुमच्या मशीनपुढं बसाचं म्हंजे काट्याची दांडी मारनंच झालं. आकडा आपसूक कमी येईन, अन् तुमी म्हनसान शेषराव बरा झाला. मी छत्तीस वर्सं कोनाची दांडी नाही मारली, आता सरकारी मशीनची मारू?"

सुवर्णाला एकाच वेळी हसू आलं, रडू आलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. या माणसाने पाच महिने आपला आजार इमानदारीने, अगदी रिकाम्या काट्यावर तोलून दाखवला होता. आकडा चढा दिसला म्हणून डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि महिन्याचे सव्वीस दिवस त्या तिन्ही गोळ्या त्यांच्या रक्ताला खाली खेचत राहिल्या. काका खोटं बोललेच नव्हते. ती विचारायची, "गोळी चालू हाये ना?" ती चालूच होती. "आज खाल्ली का?" हे तीन शब्द तिने पाच महिन्यांत एकदाही विचारले नव्हते. सतरा वर्षांची नोकरी, आणि प्रश्न चुकला.

आणि मग तिथेच, तुरीच्या शेंगांच्या ढिगाशेजारी, तिला बाबा आठवले. बाबांनी गोळ्या सोडल्या ते अडाणीपणामुळे, असं ती वीस वर्षं सगळ्यांना सांगत आली होती, स्वतःलाही. त्यांचंही काही कारण असेल. चार वर्षं त्यांची कूस बदलताना तिने त्यांना सगळं विचारलं, पाणी पाहिजे का, ऊन लागतं का, दुखतं का. काऊन सोडल्या, हे नाही विचारलं. आता विचारायला कुणी नव्हतं. तिने डोळे पुसले आणि डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर अनुपमांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "तिसरी गोळी आत्ता बंद. बाकीच्यांचं उद्या ठरवू, त्यांना घेऊन या. आणि सुवर्णाताई, हे मीही विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी तपासून, रक्त घेऊन डॉक्टरांनी एकच गोळी ठेवली. रोज सकाळी, खाडा नाही, मोजायच्या दिवशीसुद्धा. उठताना आधी कुशीवर व्हायचं, मग बसायचं, मग उभं राहायचं. एक दिवसाआड सुवर्णा घरी जाऊन बीपी मोजायची, तर ते तोंड फिरवून म्हणायचे, "आकडा मले सांगू नका. शुक्रवारी सांगजा, लोकायपुढं."

"शुक्रवारी लोकं येतीन तं सांगन ना, काका," ती म्हणाली.

दहा दिवसांनी तो शुक्रवार उजाडला. सुवर्णाने नऊ वाजता दार उघडलं. खुर्ची मांडली. साडेनऊ झाले, दहा झाले. शेषरावही नाहीत. साडेदहाला तिला वाटलं, शालूबाईने त्यांना घरातच ठेवून घेतलं, आणि का ठेवू नये? पडला तो तिचा नवरा होता. तिने वही मिटली, पुन्हा उघडली. आतापर्यंत नोकरीत तिला असं एकटं कधी वाटलं नव्हतं.

अकराला बाहेर चपलांचा आवाज आला. आधी शेषराव, काठी टेकत. मागे शालूबाई, केसरबाई, मग एकेक करत वीस-बावीस माणसं. सगळ्यांच्या मागे मोतीराम, चेहरा असा की जणू रस्ता चुकून इकडे आला.

"उशीर झाला," शेषराव म्हणाले. "घरं लय होती. तेवीस."

केसरबाईला पाच मिनिटं गप्प बसायचं होतं, म्हणून तिने खुर्चीत बसण्याआधीच सगळं सांगून टाकलं. "सकाळी सहापासून हिंडून राह्यला हा मानूस. दारात काठी ठोकते अन् म्हन्ते, म्या तुमाले चुकीचं सांगतलं, माफी असावी, गोळी घ्या माह्यापुढं. मी म्हनलं चहा तरी घेऊ दे. तं म्हने, आधी गोळी."

"काय चुकीचं सांगतलं?" सुवर्णाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

"हेच का, मापाच्या आधी तीन-चार दिस बंद ठेवा," केसरबाई म्हणाली. "आमी समद्यायनंच ठेवलं. मापारी सांगते म्हन्ल्यावर."

म्हणजे बैठकीत तळाला गेलेले ते आकडे, तो टोमणा, ती तव्याची आपटाआपट! कुणी गोळ्या फेकत नव्हतं. सगळं गाव महिन्याचे सव्वीस दिवस इमानेइतबारे गोळी खात होतं आणि तिच्यापुढे येताना सच्चेपणाने रिकामं होऊन येत होतं. सुवर्णा त्या सगळ्यांसमोर हसली, पदर तोंडाला लावून, पोटभर हसली. मग सावध झाली. ज्यांचे डोस वाढवले होते असे चौघे तिने बाजूला बसवले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना गोळी द्यायची नाही, असं ठरवलं. बाकीच्यांचे आकडे त्या दिवशी काही चांगले आले नाहीत. पंधरा दिवस बंद ठेवून सकाळी एक गोळी गिळल्याने काय होणार? मोतीरामचं पुन्हा एकशे ऐंशी. तो खाली पाहत म्हणाला, "सिस्टर, माह्या गोळ्या हरपल्या." नालीचं नाव त्याने काढलं नाही, तिनेही नाही. तिने नवी पट्टी दिली आणि पुढच्या शुक्रवारी यायचं वचन घेतलं.

शेवटी शेषराव बसले. पाठ टेकली, पाय जमिनीला लावले. पाच मिनिटं भरली. शालूबाईने दाराची चौकट धरली होती. पट्टा फुगला, सैल झाला. सुवर्णाने दुसऱ्यांदा मोजलं, मग त्यांना उभं करून मोजलं. आणि आकडा मोठ्याने सांगितला.

"एकशे बत्तीसवर ब्याऐंशी. उभ्यानं एकशे सव्वीस."

कुणीतरी "वा" म्हणालं. शेषराव मात्र खुश दिसले नाहीत. त्यांनी बाही खाली केली, गुंडी लावली आणि हळू आवाजात म्हणाले, "पन हे माप माह्यं नाही, बाई. गोळीचं हाये."

गेले दहा दिवस हा माणूस आतून कशाशी झुंजत होता, ते सुवर्णाला तेव्हा समजलं. पडल्याची भीती त्याला नव्हती. गोळीच्या आधाराने उभं राहणं त्याला लबाडी वाटत होती.

"काका," ती म्हणाली, "रोज सकाळी उठून गोळी कोन खाते?"

"मीच."

"लोनचं कोनी सोडलं?"

"मीच सोडलं."

"आज सकाळपासून तेवीस घरं कोन हिंडलं? कोनाची माफी मागाची होती तिथं, मशीनची का गोळीची?" तिने वहीत त्यांचं पान उघडलं. "मंग हे माप दुसऱ्या कोनाचं कसं? तुमचंच हाये. माह्या बापाचं असं एक माप मले पाहाले भेटलं असतं ना, तं मी देव्हाऱ्यात ठेवलं असतं."

शेषराव बराच वेळ मशीनच्या त्या लहानशा काचेकडे पाहत राहिले. आकडे विझून गेले होते तरी पाहत राहिले. मग त्यांनी वहीकडे बोट केलं.

"लिहा मंग," ते म्हणाले. "बरोबर हाये."